पाठदुखीच्या नावाखाली 17 आठवडे: उशिरा झालेल्या एका निदानाचा प्रकरण अभ्यास

63 वर्षांच्या एका बाईंची पाठ दुखायला लागली. ते दुखणं मल्टिपल मायलोमाचं आहे हे ठरायला 17 आठवडे लागले. त्यातले शेवटचे 9 दिवस त्या रुग्णालयात होत्या, आणि सगळ्यात जास्त नुकसान त्या 9 दिवसांतच झालं. हे नमुना प्रकरण आहे. ही एका घराची हकीकत नाही. या आजारात पुन्हा पुन्हा होणाऱ्या चुका एका रुग्णाभोवती मांडल्या आहेत आणि आकडे वैद्यकीयदृष्ट्या एकमेकांशी जुळतील असे घेतले आहेत. बाईंसोबत त्यांची मुलगी होती. फाइल तिच्याच हातात असायची.

मायलोमा हा अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजातल्या, प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. या पेशी एकाच साच्यातलं प्रथिन बेसुमार तयार करतात, हाडं पोखरतात आणि रक्त तयार होण्याची जागा अडवतात. त्यामुळे चार गोष्टी दिसतात: रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मूत्रपिंड बिघडतं, हिमोग्लोबिन उतरतं आणि हाड दुखतं किंवा मोडतं. साठीनंतर यातली एकेक तक्रार सर्रास आढळते, आणि नेमकं तिथेच घोडं अडतं. इंग्लंडमधल्या कर्करुग्णांच्या पाहणीवर 2012 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मायलोमाच्या जवळपास निम्म्या रुग्णांना तज्ज्ञाकडे पाठवलं जाण्याआधी आपल्या डॉक्टरांकडे तीन किंवा अधिक खेपा घालाव्या लागल्या होत्या. म्हणजे या बाईंचं दुर्दैव जगावेगळं नव्हतं.

चार तक्रारी, चार दरवाजे

पहिल्या आठवड्यात पाठीच्या मध्यावर दुखू लागलं. बादली उचलताना उसण भरली असेल असं घरच्यांनाही वाटलं आणि डॉक्टरांनाही. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक 50 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, कमरेला पट्टा आणि विश्रांती. पहिल्या भेटीत एवढ्यावर थांबणं चूक नव्हतं. चूक झाली ती चौथ्या आठवड्यात. दुखणं तोवर रात्रीचं झोपेतून उठवू लागलं होतं आणि आडवं पडूनही थांबत नव्हतं. स्नायूंचं दुखणं विश्रांतीने बहुधा उतरतं. साठीपुढच्या माणसाला रात्री जागवणारं, आठवड्यागणिक वाढत जाणारं पाठीचं दुखणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तेव्हाच रक्त तपासायला हवं.

एक्स-रे काढला. पाठीचा अकरावा मणका पाचरीसारखा दबलेला होता. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, ‘हाडांचा ठिसूळपणा, वयोमानानुसार बदल’. कॅल्शियमची रोजची गोळी आणि ड जीवनसत्त्वाची आठवड्याची गोळी सुरू झाली. एक्स-रेवर हाडातली पोकळी दिसायला तिथलं 30 ते 50 टक्के हाड आधी झिजावं लागतं. त्यामुळे एक्स-रेत ‘काही नाही’ म्हटलं तरी त्यावर निर्धास्त होता येत नाही. टेक्नेशियमचा बोन स्कॅनही या आजारात फसवतो. तो नवं हाड बनण्याची क्रिया पकडतो, आणि मायलोमात हाड खाल्लं जातं पण नवं फारसं बनत नाही.

पाचव्या आठवड्यात थकवा आला म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे. हिमोग्लोबिन 9.4, म्हणजे कमी; ईएसआर (रक्तपेशी तळाला बसण्याचा वेग) 118, म्हणजे खूप जास्त. लाल पेशींचा आकार सर्वसाधारण. लोह कमी असलं की पेशी बहुधा लहान होतात. इथे त्या लहान नव्हत्या, तरी लोहाच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्याच रिपोर्टच्या खालच्या ओळीत पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक चिकटल्याचं नोंदवलं होतं. रक्तात प्रथिन जास्त झालं की असं होतं. त्या ओळीबद्दल कुणीच काही विचारलं नाही.

सातव्या आठवड्यात बद्धकोष्ठ, सतत तहान, रात्रीतून चार-पाचदा लघवी. बद्धकोष्ठाचा आळ लोहाच्या गोळ्यांवर गेला, कारण त्यांनी तसं होतंच. तहान आणि लघवीसाठी साखर तपासली, ती नीट निघाली आणि विषय मिटला. तहान, लघवी, बद्धकोष्ठ, भूक मरणं आणि पुढे बरळणं हा रक्तातलं कॅल्शियम चढण्याचा क्रम आहे. इकडे बाई रोज कॅल्शियमची गोळी घेत होत्या. शिवाय रक्तदाबासाठी त्यांना टेल्मिसार्टनसोबत हायड्रोक्लोरोथायझाइड (लघवी वाढवणारं औषध) असलेली गोळी वर्षानुवर्षं चालू होती. थायझाइड गटाची औषधं लघवीवाटे जाणारं कॅल्शियम अडवतात. हे म्हणजे आगीत तेल.

त्याच जोडगोळीत तिसरं औषध मिसळलं होतं ते डायक्लोफेनॅक. टेल्मिसार्टनच्या गटाचं औषध, लघवी वाढवणारं औषध आणि वेदनाशामक ही तीन एकत्र आली की मूत्रपिंडाचं गाळण्याचं काम तीन बाजूंनी आवळलं जातं. शरीरात पाणी कमी असेल तर धोका आणखी वाढतो. बाईंची ही तीन औषधं दोन गोळ्यांत, दोन वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर होती. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर होती.

दुसरं पान

आठव्या आठवड्यातला रिपोर्ट थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. एकूण प्रथिन 10.2, अल्ब्युमिन 2.9. दोन्हींच्या पुढे लहान अक्षरांत खुणा होत्या, एक ‘जास्त’, एक ‘कमी’. दोन आकड्यांची वजाबाकी केली की उरतं ते ग्लोब्युलिन, म्हणजे बाकीची प्रथिनं: 7.3. साधारण माणसात ते 2 ते 3.5 च्या आसपास असतं. कुठलाही संसर्ग किंवा यकृताचा जुना आजार नसताना ते दुपटीहून वर जाणं म्हणजे प्रयोगशाळेने धोक्याची घंटा वाजवल्यासारखं आहे. आणि प्रयोगशाळेने ती वाजवलीही होती. दुसऱ्या पानाच्या तळाशी छापलं होतं: ग्लोब्युलिन वाढलेलं, सीरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्यावं. ही रक्तातली प्रथिनं वेगवेगळी करून दाखवणारी तपासणी.

मुलीने डॉक्टरांना मोबाइलवर फोटो पाठवला तो पहिल्या पानाचा. दुसरं पान कोरं असतं असा तिचा समज होता; आधीच्या तीन रिपोर्टांत ते खरंच कोरं होतं. फोटोवर उत्तर आलं, ‘कॅल्शियम नॉर्मल आहे, काळजी नको.’

कॅल्शियम 10.4 होतं. कागदावरच्या मर्यादेत. पण रक्तातलं 40 टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला, चिकटून फिरतं. अल्ब्युमिन कमी असेल तर एकूण आकडा खोटा दिलासा देतो. ढोबळ हिशेब असा: 4 मधून अल्ब्युमिन वजा करा, उरलेल्याला 0.8 ने गुणा आणि ते मोजलेल्या कॅल्शियममध्ये मिळवा. इथे 4 वजा 2.9 म्हणजे 1.1, गुणिले 0.8 म्हणजे जवळपास 0.9. दुरुस्त आकडा 11.3, म्हणजे वाढलेला. मायलोमात हे सूत्रही कधी चुकतं, कारण ते विचित्र प्रथिन स्वतःच कॅल्शियमला धरून ठेवू शकतं. अशा वेळी आयोनाइज्ड, म्हणजे कशालाही न चिकटलेलं, कॅल्शियम मोजून घेणं उत्तम.

लघवीच्या साध्या पट्टीनेही फसवलं. पट्टी अल्ब्युमिन ओळखते. मायलोमात लघवीतून जाणाऱ्या प्रथिनाच्या हलक्या साखळ्या ती ओळखत नाही. पट्टीवर ‘किंचित’ आलेलं प्रथिन पुढे 24 तासांच्या लघवीत 4.8 ग्रॅम भरलं.

अकराव्या आठवड्यात क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढणारा टाकाऊ पदार्थ) 1.6, म्हणजे वाढलेलं निघालं आणि मूत्रपिंडाच्या डॉक्टरांची तारीख मिळाली, 5 आठवड्यांनंतरची. डायक्लोफेनॅक चालूच राहिलं. दुखणं हाडवाल्यांकडचं आणि क्रिएटिनिन दुसऱ्या खात्याचं, त्यामुळे ते बंद करणं हे कुणाचंच काम नव्हतं.

आमचं या टप्प्याबद्दल स्पष्ट मत आहे. एकेका डॉक्टराचं एकेक पाऊल समजण्यासारखं होतं. पण पाठ, रक्त, पोट आणि मूत्रपिंड यांचे कागद एकदाही एका टेबलावर शेजारी शेजारी आले नाहीत. आठव्या आठवड्यात प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस आणि फ्री लाइट चेन (त्याच हलक्या साखळ्या रक्तात मोजणारी) या दोन रक्ततपासण्या झाल्या असत्या तर पुढचे 9 आठवडे वाचले असते, आणि पाय लुळे पडण्याच्या आधी उपचार सुरू झाले असते.

वॉर्डातले 9 दिवस

बाई बरळायला लागल्या, उलट्या थांबेनात, तेव्हा दाखल केलं. तातडीच्या विभागात सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन, साखर झाली. क्रिएटिनिन 3.2. कॅल्शियम त्या यादीत नव्हतं, म्हणून पाठवलंच नाही. लघवीत थोड्या पेशी दिसल्या, ‘लघवीचा संसर्ग, अंगातलं पाणी कमी, वयामुळे गोंधळ’ असं निदान लिहिलं गेलं. मुलगी सांगत होती, “आई महिन्याभरापूर्वी घरचा सगळा हिशेब ठेवत होती. हे वयाचं नाही.” हे वाक्य केसपेपरवर उतरलं नाही. बुद्धी अचानक बिघडली आणि दिवसातून खाली-वर होत असली तर तो डिलिरियम असतो, आणि त्यामागचं कारण शोधावं लागतं. इथे रात्री झोपेचं इंजेक्शन देऊन त्यांना शांत केलं गेलं. भान राहायला मदत करणारा चष्माही पिशवीतच राहिला.

वेदनेसाठी डायक्लोफेनॅकचं 75 मिलिग्रॅमचं इंजेक्शन तातडीच्या विभागातच लिहिलं गेलं, ‘दुखल्यास द्यावे’ म्हणून. औषधांच्या तक्त्यावर ते रोज पुढे उतरवलं जात राहिलं. पाचव्या दिवसापर्यंत 8 इंजेक्शनं झाली आणि क्रिएटिनिन 4.1 वर गेलं. औषधांचा तक्ता पलंगाच्या पायथ्याशी, रक्ताचे रिपोर्ट सिस्टरांच्या टेबलावर. राउंडला दोन्ही एकत्र पाहिले गेले नाहीत.

तिसऱ्या दिवशी नव्याने आलेल्या निवासी डॉक्टरने कॅल्शियम पाठवलं: 13.4. त्याने थायझाइड आणि कॅल्शियमच्या गोळ्या थांबवल्या, सलाईन वाढवली, कॅल्शियम उतरवणारं कॅल्सिटोनिन सुरू केलं आणि प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिसही पाठवलं. या प्रकरणात पहिल्यांदा कुणीतरी वेगवेगळी टोकं एकमेकांना जोडून पाहिली. हाडांची झीज रोखून कॅल्शियम उतरवणारं झोलेड्रोनिक आम्ल मूत्रपिंड एवढं बिघडलेलं असताना त्याने तूर्त टाळलं, तेही योग्यच. इंजेक्शनचं डायक्लोफेनॅक मात्र वेगळ्या पानावर होतं. ते त्याच्या नजरेतून सुटलं.

आता दिवसाला 3 लिटर सलाईन जात होती. अशा वेळी लघवी किती होते हे मिलिलिटरमध्ये मोजणं अत्यावश्यक, नाहीतर पाणी फुप्फुसात साठतं. तक्त्यावर तीन पाळ्यांचे आकडे होते: 800, 800, 800. एकाच शाईत, एकाच वळणाने. बाईंना डायपर लावलेला होता. मोजायला भांडंही नव्हतं आणि नळीही नव्हती. डायपर ओला होतो म्हणजे लघवी होते, असं धरलं गेलं. पण भरून ओसंडणारं मूत्राशयही थेंबथेंब गळतं आणि डायपर ओला होतो. ओटीपोट हाताला घट्ट, गोल लागत होतं. सहाव्या दिवशी नळी घातली तेव्हा एका झटक्यात 1,100 मिलिलिटर लघवी आली.

ती साठण्याचं कारण पाठीत होतं. चौथ्या दिवशीच्या सिस्टरांच्या नोंदीत एक ओळ आहे: ‘रुग्ण म्हणतात पाय जड वाटतात.’ ती नोंद डॉक्टरांपर्यंत गेली नाही. सहाव्या दिवशी पहाटे 3 वाजता मुलीने पाहिलं की उजवा पाय उचलता येत नाही. पायाच्या अंगठ्याला हात लावलेला कळत नाही. ती सिस्टरांना म्हणाली, “जरा डॉक्टरांना बघायला सांगता का?” उत्तर मिळालं, “अशक्तपणा आहे, सकाळी राउंडला सांगा.” राउंड 11 वाजता झाला, एमआरआय रात्री 8 वाजून 40 मिनिटांनी. पाठीच्या आठव्या मणक्यापाशी गाठीने मज्जारज्जू, म्हणजे कण्यातून जाणारा नसांचा दोर, दाबला होता. डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड 16 मिलिग्रॅम रात्री साडेनऊला सुरू झालं, दुसऱ्या दिवशी किरणोपचार.

मज्जारज्जू दबल्याचा संशय आला आणि पायांत कमजोरी दिसली की संपूर्ण मणक्याचा एमआरआय 24 तासांच्या आत व्हावा लागतो. नुसता दुखऱ्या भागाचा पुरत नाही, कारण दाब दोन ठिकाणी असू शकतो. उपचार सुरू होताना जो चालू शकतो तो बहुधा पुढेही चालतो. पाय पूर्ण गेल्यावर ते परत येण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. पहाटे 3 पासून मोजलं तर उशीर 18 तासांचा दिसतो. ‘पाय जड’ या ओळीपासून मोजलं तर तो दोन दिवसांहून जास्त आहे.

तिसरं नुकसान माकडहाडावर झालं. चौथ्या दिवशी तिथे तळहाताएवढा लाल डाग होता. बोटाने दाबून सोडलं तर कातडी क्षणभर पांढरी पडायला हवी. ती लालच राहिली. हा बेडसोअरचा पहिला टप्पा. त्यावेळी दर दोन तासांनी कूस बदलली असती, अंग 30 अंशांत कलतं ठेवलं असतं, टाचा उशीने अधांतरी ठेवल्या असत्या आणि ओला डायपर लगेच बदलला असता, तर तो तिथेच थांबला असता. झालं उलटं. पावडर चोळली गेली, मधे भोक असलेली गोल उशी दिली गेली (ती कडेचा रक्तपुरवठा दाबते), आणि बाई पायथ्याकडे घसरल्या की काखेत हात घालून चादरीवरून ओढत वर घेतलं जात होतं. त्या ओढण्यात कातडी आणि खालचं मांस एकमेकांवरून सरकतं आणि आतल्या रक्तवाहिन्या तुटतात. दोघांनी चादर दोन बाजूंनी उचलून सरकवणं एवढंच करायचं होतं. नवव्या दिवशी तिथे आत मांस दिसत होतं.

नवव्या दिवशीच इलेक्ट्रोफोरेसिसचा रिपोर्ट आला: एकाच प्रथिनाचा टोकदार सुळका. अस्थिमज्जेत प्लाझ्मा पेशी 45 टक्के. कॅल्शियम, मूत्रपिंड, हिमोग्लोबिन किंवा हाडं अशी बिघडलेली असली की निदानासाठी 10 टक्के पुरतात.

कुठे काय बोलायला हवं होतं

कुटुंबाला दोष देण्यात अर्थ नाही. तरी काही गोष्टी त्यांच्या हातात असतात, आणि त्या नेमक्या असाव्या लागतात. बाईंच्या मुलीने शेवटी केला तो तक्ता आठव्या आठवड्यात करण्यासारखा होता. एकच आडवा कागद. वर तारखा. डाव्या बाजूला हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम, एकूण प्रथिन, अल्ब्युमिन, वजन, नवी औषधं आणि नव्या तक्रारी. चार महिन्यांचे आकडे एका ओळीत आले की उतार डोळ्यांना दिसतो. सुट्या रिपोर्टांत तो कधीच दिसत नाही. हा कागद घेऊन डॉक्टरांना दोन प्रश्न विचारावेत: “या निदानात न बसणारं यात काय आहे?” आणि “हे तसं नसेल तर दुसरं काय असू शकतं?” हे उद्धटपणे विचारायची गरज नसते, आणि चांगल्या डॉक्टराला त्याचा राग येत नाही.

पहाटे 3 वाजताचं वाक्यही वेगळं हवं होतं. ‘जरा बघता का’ यात धोका किती, केव्हापासून आणि काय हवंय, यातलं काहीच नाही. याउलट असं सांगता येतं: “काल रात्री 9 वाजता आई उजवा पाय उचलत होती, आता उचलत नाही. दिवसभरात लघवी मोकळी झालेली नाही. मणक्याचा दाब असू शकतो. ड्यूटी डॉक्टरांना आत्ता बोलवा, आणि मी हे किती वाजता सांगितलं ते केसपेपरवर लिहा.” लिहायला सांगितलं की गोष्टी हलतात, यात धमकी नसते, पण जबाबदारीला नाव मिळतं. अर्ध्या तासात कुणी आलं नाही तर इनचार्ज सिस्टर, मग मुख्य डॉक्टर, मग रुग्णालयाचे प्रशासकीय अधिकारी, असं वर जावं. काही ठिकाणी याची रीतसर सोय आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये ‘रायन्स रूल’ आहे, इंग्लंडमध्ये 2024 पासून ‘मार्थाज रूल’ लागू होऊ लागला. प्रकृती बिघडतेय आणि कुणी ऐकत नाही असं वाटलं तर नातेवाईक दुसऱ्या पथकाची तातडीची तपासणी मागू शकतात. दोन्ही नियम आईवडिलांचं ऐकलं न गेल्यामुळे दगावलेल्या मुलांच्या नावाने आहेत.

औषधांच्या बाबतीत एक साधी सवय: दाखल होताना घरातली प्रत्येक गोळी, मलम, पावडर एका पिशवीत घेऊन जायची, आणि क्रिएटिनिन वाढलंय असं कळलं की त्याच क्षणी विचारायचं, “यातलं मूत्रपिंडाला नको असलेलं कुठलं?”

नंतर

कुटुंबाने लेखी अर्ज करून संपूर्ण केसपेपर मागितला. डिस्चार्ज कार्डात यातलं काहीच नव्हतं. त्यावर ‘उपचारांना प्रतिसाद समाधानकारक’ एवढंच होतं. म्हणून नावानिशी मागणी केली: डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, सिस्टरांच्या नोंदी, औषधांचा तक्ता, सलाईन आणि लघवीचा तक्ता, सगळे रिपोर्ट आणि एमआरआयची सीडी. तक्रार चार पानांची न लिहिता दीड पानाची लिहिली, तारीख, वेळ आणि केसपेपरचा पान क्रमांक देऊन, आणि शेवटी तीन प्रश्न विचारले. क्रिएटिनिन 3.2 असताना डायक्लोफेनॅक कुणी चालू ठेवलं? ‘पाय जड’ ही नोंद कुणाला कळवली? 800 हा आकडा कशाने मोजला?

बैठकीत पहिली दोन उत्तरं मिळाली आणि चूक मान्य झाली. औषधांच्या तक्त्याच्या माथ्यावर आता रोजचं क्रिएटिनिन लिहायची जागा आहे. तिसऱ्या प्रश्नावर अधिकारी म्हणाले, “नोंद नियमानुसारच आहे.” त्या उत्तरावर कुटुंबाने वरच्या पातळीवर दाद मागितली आहे.

बाईंना मायलोमावर बोर्टेझोमिब, सायक्लोफॉस्फामाइड आणि डेक्सामेथासोन ही औषधं सुरू झाली. मूत्रपिंड बिघडलेलं असलं तरी बोर्टेझोमिबचा डोस कमी करावा लागत नाही. क्रिएटिनिन 1.9 पर्यंत उतरलं. बेडसोअर भरायला 11 आठवडे लागले. सहा महिन्यांनी त्या वॉकर धरून खोलीच्या दारापर्यंत जातात. उजवा पाय अजून ओढत टाकतात. मुलीच्या तक्त्यात दर महिन्याला फ्री लाइट चेनचा आकडा भरला जातो. त्या रकान्याशेजारी तिने आणखी एक रकाना आखला आहे: रिपोर्टची पानं किती, आणि त्यातली डॉक्टरांनी किती पाहिली.